घरी यांचे करणार कोण? अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा आणि सरकारी पैसा : दीडशे वर्षांचा हिशेब



दवाखान्यातून घरी सोडताना नातेवाइकांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. गोळ्या कधी द्यायच्या, पथ्य काय, परत कधी दाखवायचे. पण रुग्ण पक्षाघाताचा असेल, खुब्याचे हाड मोडलेली आजी असेल किंवा मणक्याला मार लागलेला तरुण असेल, तर शेवटचा प्रश्न वेगळा असतो आणि तो हळू आवाजात येतो. "डॉक्टर, घरी यांचे करणार कोण?"

या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. करणाऱ्या माणसाची मजुरी बुडेल, ती कोण भरून देणार? औषधांसाठी योजना आहे, ऑपरेशनसाठी योजना आहे. मग घरच्या सेवेसाठी सरकारचा पैसा आहे का? आहे, पण तुकड्या-तुकड्यांत. हे तुकडे असे का पडले, हे समजून घ्यायचे तर मागे जावे लागते. आजचा लेख त्याच इतिहासाचा आहे. शेवटी, आज तुम्हाला प्रत्यक्ष काय मागता येईल तेही दिले आहे.

घरची सेवा म्हणजे नेमके काय?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. घरची सेवा म्हणजे फक्त "लक्ष ठेवणे" नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर आणि खुब्यांवर शरीराचा भार सतत पडतो. तिथला रक्तपुरवठा दबतो आणि काही तासांतच कातडी मरायला लागते. ही जखम टाळायची तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. म्हणजे दिवस-रात्र मिळून बारा वेळा. शिवाय लघवीची नळी स्वच्छ ठेवणे, ठसका लागू न देता भरवणे, सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय हलवणे, शी-शू काढणे, आंघोळ घालणे, आणि माणूस मनाने खचू नये म्हणून त्याच्याशी बोलणे. हे चोवीस तासांचे काम आहे. आपल्याकडे ते बहुतेक वेळा बायको, सून किंवा लेक करते आणि ते कुठल्याही हिशेबात धरले जात नाही.

सरकारी पैसा या घरापर्यंत चार वाटांनी पोहोचू शकतो. पहिली, रुग्णाच्या हातात रोख रक्कम. दुसरी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची असे साहित्य. तिसरी, घरी येणारी प्रशिक्षित नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट. चौथी, सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला मोबदला. या चार वाटा लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास म्हणजे यांतली कोणती वाट कधी उघडली आणि कोणती बंदच राहिली, याचा आहे.

दुष्काळाच्या नियमांत सापडणारा काळजीवाहक

ही गोष्ट सुरू होते दुष्काळापासून. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर इंग्रज सरकारने सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८० मध्ये आला आणि त्यावरून प्रांतोप्रांती दुष्काळ निवारणाचे नियम तयार झाले. त्यांचा मुख्य सूत्रधार विचार साधा होता : अंगात बळ आहे त्याने खडी फोडावी, माती उचलावी आणि मजुरी घ्यावी.

मग ज्यांच्या अंगात बळ नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी कामाशिवाय, गावातच मदत देण्याची तरतूद होती. त्या यादीत अंध, पांगळे, मनोरुग्ण आणि वयामुळे किंवा अशक्तपणामुळे कमावू न शकणारे लोक होते. त्याच यादीत आणखी एक प्रकार होता : घरातल्या आजाऱ्याजवळ किंवा तान्ह्या मुलाजवळ ज्यांचे थांबणे अगदी गरजेचे आहे अशी माणसे. कामावर गेले तर घरचा आजारी मरेल, म्हणून ज्याला घरीच थांबावे लागते, त्यालाही सरकार मदत देणे लागते, असे त्याचे सरळ वाचन होते.

ही सरकारची माया होती असे समजू नका. मदत जेमतेम जीव तगेल एवढी असे, यादी गावच्या कामगारांच्या हाती असे आणि दुष्काळ सरला की तीही बंद होई. १८९९-१९०० चा छप्पन्नाचा दुष्काळ आपल्या नाशिक-खानदेश पट्ट्यानेही सोसला. तरीही एक गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. आजाऱ्याजवळ बसणारे माणूस रिकामे नसते, ते काम करत असते, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सरकारी नियमांना कळले होते. आपली चौथी वाट सर्वांत आधी उघडली ती दुष्काळात, आणि दुष्काळाबरोबरच ती बुजली.

नाशिकचे भोर आणि घरभेट देणारी नर्स

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा करण्यासाठी १९४३ मध्ये समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा. समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. आज गावोगावी दिसणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना याच अहवालातली. ४० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर, असे सुरुवातीचे गणित होते. त्या केंद्रात रुग्णालयातल्या कामासाठी एक नर्स होती, पण सार्वजनिक आरोग्य परिचारिका मात्र चार सुचवल्या होत्या. म्हणजे दवाखान्याबाहेर, लोकांच्या घरी जाऊन करायच्या कामाला भोर समितीने जास्त माणसे दिली होती.

पण या घरभेटी कोणासाठी? मुख्यतः बाळंतिणीसाठी, बाळासाठी आणि साथीच्या रोगांसाठी. त्यात चूक काही नव्हती. त्या काळी देशातले सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आसपास होते. म्हातारपणापर्यंत पोहोचणारेच थोडे. आज ते सत्तरीच्या घरात आहे. आयुष्य अडीच पटींहून जास्त लांबले, पण घरभेटीची यादी फारशी लांबली नाही.

टीबीने दिलेला धडा

१९५० च्या दशकापर्यंत टीबीच्या रुग्णाला महिनोन्महिने सॅनेटोरियममध्ये ठेवायची पद्धत होती. खाटा कमी आणि रुग्ण लाखो. मद्रासमध्ये १९५६ पासून एक अभ्यास झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या स्वतःच्या, बहुतेक गरीब घरांत, तीच औषधे दिली गेली. १९५९ मध्ये निष्कर्ष आले : औषध नीट घेतले तर घरचा रुग्णही तितकाच बरा होतो, आणि घरच्यांना संसर्गाचा धोकाही वेगळा असा वाढत नाही. या अभ्यासाने जगभरचे टीबीचे उपचार बदलले.

यातून सरकारला एक गोष्ट कळली आणि एक निसटली. घरी उपचार होऊ शकतात, ते स्वस्त पडतात, हे कळले. पण घर ही फुकटची खाट नाही, त्या खाटेजवळ कोणाचे तरी श्रम आहेत, हे हिशेबात आलेच नाही. औषध सरकारचे आणि श्रम घरचे, ही वाटणी तेव्हापासून पक्की झाली.

रोजगार हमीतून जे सुटले त्यांच्यासाठी : १९८०

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये म्हातारपण, आजार आणि अपंगत्व यांत राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार मदत करावी, असे म्हटले आहे. उत्तर प्रदेशाने १९५७ मध्ये वृद्धांसाठी पेन्शन सुरू केले, केरळने १९६० मध्ये. महाराष्ट्राची वाट मात्र पुन्हा दुष्काळातूनच गेली.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यापैकी अनेकांच्या घरात आजही सांगितला जातो. सुकडी, तगाई, दुष्काळी कामे. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देणारी ही योजना देशभर गाजली आणि पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तिचाच आधार मिळाला. पण काम मागायला हातपाय लागतात. ज्यांचे हातपाय चालत नाहीत ते या हमीच्या बाहेर राहिले.

बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली, ती या बाहेर राहिलेल्यांसाठी. अपंग, दुर्धर आजाराचे रुग्ण, निराधार विधवा अशांना दरमहा रोख रक्कम. आपल्या तहसील कार्यालयात आजही "संजय गांधी शाखा" नावाचे टेबल आहे, ते तेव्हापासूनचे. महिन्याची रक्कम वाढत वाढत ६०० रुपये, २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० झाली. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती २,५०० करण्यात आली.

पहिली वाट, म्हणजे रुग्णाच्या हातात रोख, अशी उघडली. ही मोठीच गोष्ट होती. पण या योजनेत सेवा करणाऱ्यासाठी वेगळी रक्कम कधीच नव्हती. दुष्काळाच्या नियमांतले आजाऱ्याजवळ थांबणारे माणूस या यादीत परत आलेच नाही.

श्रावणबाळाच्या नावाने

केंद्र सरकार १५ ऑगस्ट १९९५ रोजी यात उतरले. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमात वृद्धांना महिना ७५ रुपये मिळू लागले. पुढे ते २०० झाले, २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधी यांचे नाव मिळाले आणि २०११ मध्ये वयाची अट ६० वर आली. ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा आजही २०० रुपयेच आहे. बाकीची भर राज्य सरकार घालते.

महाराष्ट्रात ६५ वर्षांपुढच्यांसाठीच्या योजनेचे नाव आहे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. हे नाव मला नेहमी विचारात पाडते. आंधळ्या आई-वडिलांना कावडीत बसवून खांद्यावर वाहणारा श्रावण आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पण गोष्टीतल्या त्या कावडीचा सगळा भार एकट्या मुलाच्या खांद्यावर आहे. राजा येतो तो फक्त बाण मारायला! योजनेला नाव देताना नकळत आपली जुनी समजूतच नोंदवली गेली आहे : म्हाताऱ्यांचे करणे हे मुलांचे काम, राज्याने वरखर्चाला हातभार लावला की झाले.

२००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा याच समजुतीवर उभा आहे. मुले सांभाळत नसतील तर ज्येष्ठांना उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात दाद मागता येते आणि महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. छळ सोसणाऱ्या म्हाताऱ्यांना याचा आधार आहे. पण आपल्या तालुक्यात मी जे पाहतो ते बहुधा वेगळे असते. मुलगा सांभाळायला तयार असतो, पण दिवाळीनंतर नवरा-बायको दोघांना दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या कामावर जावे लागते. कनाशी-दळवटकडच्या पाड्यावर मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे. तिथे दहा-बारा वर्षांची नात आजीची कूस बदलते. अशा घराला कायद्याची नोटीस काय कामाची? तिथे कमी आहे ती मायेची नव्हे, हातांची.

गडचिरोलीने दाखवलेली तिसरी वाट

घरी जाऊन सेवा देणे आणि त्याचे पैसे सरकारने मोजणे हे आपल्याकडे अशक्य आहे, असे कोणी म्हटले तर त्याला गडचिरोली दाखवावी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्या ठरलेल्या दिवशी घरी जात, बाळाचे वजन करत, श्वास मोजत, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले : नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले.

२०११ मध्ये ही पद्धत देशभर लागू झाली. आज तुमच्या घरी बाळ जन्मले की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. घरी बाळंतपण झाले तर पहिल्या दिवसाचीही भेट असते. प्रत्येक भेटीचा तक्ता असतो, आणि सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर तिला २५० रुपये मिळतात. रक्कम थोडी आहे, ती वाढायला हवी, हा वेगळा मुद्दा. पण काम ठरलेले, दिवस ठरलेले, मोबदला ठरलेला.

आता त्याच घरात कोपऱ्यात खाटेवर पडलेल्या पणजीचा विचार करा. तिसऱ्या दिवशी तिची पाठ कोणी पाहायची? सातव्या दिवशी नळी कोणी तपासायची? वृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१०-११ मध्ये १०० जिल्ह्यांपासून सुरू झाला. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांकडे आरोग्य कर्मचाऱ्याने घरी जावे, असे त्यात लिहिले आहे. २०१८ नंतर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली, त्यांच्या सेवांमध्येही वृद्धांची काळजी आणि उपशामक सेवा धरली आहे. आशाताई ३० वर्षांपुढच्यांचा जो फॉर्म भरते, त्यात वृद्धांना जेवणे, आंघोळ, कपडे घालणे यांसाठी मदत लागते का, असा प्रश्नही आहे. म्हणजे शोधायची सोय झाली. पण शोधल्यानंतर किती भेटी, कोणत्या दिवशी, हा बाळासारखा नेमका तक्ता पणजीच्या वाट्याला आला नाही. जे काम मोजले जात नाही ते सगळ्यात शेवटी होते, ही कुठल्याही व्यवस्थेची रीत आहे.

केरळ आणि तामिळनाडूने काय केले?

केरळमध्ये १९९३ साली कालिकतला डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमन सेवा सुरू केली. काही वर्षांत त्यांच्या लक्षात आले की रुग्ण दवाखान्यापर्यंत येऊच शकत नाहीत. मग मलप्पुरम जिल्ह्यात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. २००८ मध्ये केरळ सरकारने उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले आणि पुढे ग्रामपंचायतींनी आपल्या निधीतून घरोघरी जाणाऱ्या नर्स नेमल्या. गावाचा पैसा आणि गावातल्याच माणसाच्या पाठीवरची जखम, असा थेट संबंध जोडला गेला.

केरळने चौथी वाटही उघडली. २०१० मध्ये 'आश्वासकिरणम्' योजना आली : अंथरुणाला खिळलेल्याची पूर्णवेळ सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला दरमहा रोख मदत. तामिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये 'मक्कळै तेडी मरुत्तुवम', म्हणजे लोकांच्या दारी वैद्यकसेवा, सुरू केली. त्यात रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर फिजिओथेरपी आणि उपशामक सेवाही घरी पोहोचते.

कायद्यात शब्द आला : २०१६

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले. त्यात 'काळजीवाहक' या शब्दाची व्याख्या आहे आणि पैसे घेऊन किंवा न घेता सेवा करणारे आई-वडील व कुटुंबीय तिच्यात स्पष्टपणे धरले आहेत. कलम २४ म्हणते की सरकारने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत सामाजिक सुरक्षेच्या योजना कराव्यात, आणि जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता हा त्या योजनांपैकी एक आहे. दुष्काळाच्या नियमांनंतर इतक्या वर्षांनी आजाऱ्याजवळ बसणारे माणूस पुन्हा कायद्यात आले. फक्त "आर्थिक कुवतीच्या मर्यादेत" हे शब्दही बरोबर आले.

कुवत नाहीच असेही नाही. सैन्यात १०० टक्के अपंगत्व आलेल्या आणि सतत मदतनीस लागणाऱ्या निवृत्त जवानाला अपंगत्व पेन्शनसोबत मदतनीस भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७ पासून, तो महिना ६,७५० रुपये झाला. जवानाला तो मिळालाच पाहिजे. तसेच जुन्या करपद्धतीत आयकर भरणाऱ्याला घरातल्या दिव्यांगाच्या खर्चासाठी ७५ हजार आणि तीव्र दिव्यांगत्वासाठी सव्वा लाख रुपयांची वजावट मिळते. म्हणजे मदतनिसाची किंमत सरकारला ठाऊक आहे. शेतमजुराच्या घरात ती पोहोचत नाही, इतकेच.

जर्मनी आणि जपान

जर्मनीने १९९५ मध्ये दीर्घकालीन सेवेचा विमा सुरू केला. पगारातून हप्ता कापला जातो. तपासनीस घरी येऊन किती मदत लागते ते ठरवतो. मग कुटुंबाने निवडायचे : प्रशिक्षित माणूस घरी यावा, की थोडी कमी रक्कम रोख घेऊन घरच्यांनीच करावे.

जपानने २००० साली अशीच योजना आणली. चाळिशीपासून सर्वांचा हप्ता असतो. पण घरच्यांना रोख रक्कम देणे जपानने टाळले. तिथल्या महिला संघटनांचे म्हणणे होते की पैसे दिले तर सून कायमची सासू-सासऱ्यांच्या खाटेला बांधली जाईल. त्यापेक्षा तिला सुटका देणारे माणूस घरी पाठवा. हा युक्तिवाद आपल्यालाही विचार करायला लावणारा आहे. माझे मत विचाराल तर आपल्याकडे दोन्ही हवे. बुडालेल्या मजुरीचा प्रश्न रोख रकमेशिवाय सुटत नाही, आणि पाठीची जखम फक्त रोख रकमेने टळत नाही. ती टाळायला शिकवणारे, आठवड्यातून एकदा पाहून जाणारे प्रशिक्षित माणूस लागते.

आता थोडे आकडे

महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. या दराने १,५०० रुपये म्हणजे पाच दिवसांचीही मजुरी नाही. २,५०० म्हणजे आठ दिवसांची. महिन्यातले २६ दिवस काम सोडून घरी थांबणाऱ्या सुनेचे ८,११२ रुपये बुडतात. उरलेली रक्कम ती स्वतःच्या खिशातून भरते, आणि त्याची कुठेही पावती नसते.

दुसरीकडे, ७० वर्षांपुढच्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचारांची सोय झाली. ही चांगली गोष्ट आहे. पण ती रुग्णालयात भरती होण्यासाठी आहे. घरी झालेली जखम चिघळली, जंतू रक्तात गेले आणि भरती व्हावे लागले, तर पैसे आहेत. ती जखम होऊ नये म्हणून घरी कूस बदलणाऱ्या हाताला नाहीत. आपण विहिरीत पडल्यावर दोर देतो, काठाला कठडा बांधत नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे ९.९ टक्के लोक होते, म्हणजे सुमारे १ कोटी ११ लाख. आज ते त्याहून बरेच जास्त आहेत. हा प्रश्न आता काही थोड्या घरांचा राहिलेला नाही.

तुम्ही आज काय मागू शकता?

१. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड. पक्षाघात, मणक्याची इजा, पार्किन्सन यांतून कायमचे अपंगत्व आले असेल तर वय जास्त असले तरी प्रमाणपत्र मिळते. "म्हातारपणच आहे" म्हणून सोडून देऊ नका. पुढची बरीच दारे या कागदाने उघडतात.

२. संजय गांधी किंवा श्रावणबाळ योजना. १८ ते ६५ वयासाठी पहिली, त्यापुढे दुसरी. अर्ज तहसील कार्यालयात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साधारणपणे २१ हजार रुपये आहे, दिव्यांगांसाठी ५० हजार. २१ हजार म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. ही अट बदलायला हवी असे मला वाटते, पण तोवर उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा.

३. ग्रामपंचायतीचा ५ टक्के दिव्यांग निधी. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. पूर्वी हा ३ टक्के होता, २०१८ मध्ये वाढला. समजा गावाचे स्वतःचे उत्पन्न ४ लाख आहे, तर वर्षाला २० हजार. एवढ्यात नर्स नेमता येणार नाही, पण गावासाठी हवेची गादी, कमोड खुर्ची, व्हीलचेअर घेऊन ती गरजेप्रमाणे घरोघरी फिरवता येईल. ग्रामसभेत हा निधी कशावर खर्च झाला ते विचारा. तो तुमचा हक्क आहे.

४. साहित्य. मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. ६५ वर्षांपुढच्या, २ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, कमोड खुर्ची अशा साहित्यासाठी एकदाच ३ हजार रुपये थेट खात्यात, अशी ती आहे. सध्या अर्ज सुरू आहेत का, ते समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

५. निरामय आरोग्य विमा. घरात सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेले मूल अथवा प्रौढ असेल, तर राष्ट्रीय न्यासाची ही योजना १ लाखापर्यंत आहे. भरती न होता घेतलेल्या थेरपीचा खर्चही तिच्यात धरतात, हे अनेक पालकांना माहीत नसते.

६. घरभेट. गावातल्या आशाताईला आणि उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना सांगा की आमच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, यादीत नाव घ्या. पहिल्या भेटीत पाठ, टाचा आणि खुबे दाखवा. कातडी लाल झाली असेल आणि बोटाने दाबून सोडल्यावरही लाली जात नसेल, तर ती जखमेची सुरुवात समजा आणि लगेच डॉक्टरांना कळवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे जागा गडद, गरम किंवा टणक लागते का ते पाहा.

७. १४५६७. ज्येष्ठ नागरिकांसाठीची ही मोफत हेल्पलाइन आहे. योजनांची माहिती, छळाची तक्रार, एकट्या वृद्धाला मदत, यांसाठी फोन करता येतो.

आपल्याकडे म्हातारी माणसे एकच मागणे मागतात : चालता-बोलता मरण यावे, कोणाच्या हाताखाली पडू नये. पक्षाघात, मधुमेह आणि वाढलेले आयुष्य पाहता हे मागणे सगळ्यांच्याच बाबतीत पुरे होणार नाही. तेव्हा दुसरे मागणे मागायला शिकू या, आणि ते देवाकडे नव्हे, ग्रामसभेत : आमच्या गावात अंथरुणाला खिळलेली माणसे किती, त्यांच्याकडे महिन्यातून किती वेळा कोण जाते, आणि त्यांचे करणाऱ्यांसाठी आपण काय ठेवले आहे? हे तीन प्रश्न येत्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. बाळाच्या घरभेटीचा तक्ता ज्या राज्यात तयार झाला, त्याच राज्यात पणजीचाही होऊ शकतो.